गाळलेला परिच्छेद

६ डिसेंबर, शुक्रवार. पेण

काल सकाळी मी एक परिच्छेद वाचला नाही.

खाडीकाठच्या वस्तीवरच्या समाजमंदिरात बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, बहुतेकींचा उपास. मिठागरावर जायच्या आधी थोडा वेळ काढून आल्या होत्या. माझं काम एवढंच, की लशीची माहिती त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. ज्या आयांना वाचता येत नाही, त्यांच्या कानावर शब्दन् शब्द गेला याचा साक्षीदार मी.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्याच्यावर एक लस आधीच आहे. आता त्या विषाणूच्या आणखी जातींना अडवणारी नवी तयार होते आहे. रोह्याच्या दवाखान्यात तिची चाचणी चालू आहे. निम्म्या मुलींना जुनी लस, निम्म्यांना नवी, आणि कोणाला कुठली हे डॉक्टरांनाही आधी कळत नाही. हे सगळं मी नीट वाचलं. ताप येऊ शकतो, दंड दुखू शकतो, कधीही नाव मागे घेता येतं, तेही वाचलं.

मग तो रोग पसरतो कसा, याचा परिच्छेद आला. वर बघितलं तर समोरच धोंडुबाई, माझ्या आईच्या वयाची, मांडीवर नात घेऊन बसलेली. डोळे परिच्छेदावरून गेले आणि तोंडानं पुढचा धरला.

पोथी वाचायला मला वडिलांनी शिकवलं. बायामुलं बसली असली की शृंगाराच्या ओव्या डोळ्यांनी वाचायच्या, तोंडानं पुढची ओवी घ्यायची, आणि ऐकणाऱ्याला खाच लागू द्यायची नाही. आळीच्या देवळात श्रावणात वाचतो, कोणाला कधी खाच लागलेली नाही. कालही लागली नाही.

फक्त शेवटी धोंडुबाईनं विचारलं, "पर ह्यो रोग येतो कुटनं रं दादा?"

"विषाणूमुळं."

"म्हंजे करोनावानी?" मागून कोणीतरी म्हणालं.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. कागद जुळवत बसलो. डॉ. अफशा मॅडम पलीकडच्या खोलीत मुलींची वजनं घेत होत्या, त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही.

त्या परिच्छेदात काय आहे ते इथं लिहायलाही हात धजत नाही. वही माझी, कुलूप माझ्या कपाटाचं, तरी. असो. न वाचल्यानं कोणाचं काय बिघडणार? इंजेक्शन तेच राहणार आहे.

८ डिसेंबर, रविवार

तनयाचा रोह्याहून फोन. वत्सला गेल्यापासून ती मावशीकडे असते. घरात बाईमाणूस नाही, मुलीचं वय वाढतं, म्हणून मेहुणीनं स्वतःहून नेलं. मी धाटावच्या कंपनीतली नोकरी वत्सलाच्या आजारपणात सोडली होती, त्यामुळे नको म्हणायला तोंड नव्हतं.

म्हणाली, "बाबा, मावशीनं मला वेगळं ताट घेतलंय. वाटी, पेला, सगळं. नाव घालून."

"अरे वा. मग मजा आहे."

"हो. मला सगळ्यांच्या आधी वाढते. मी एकटीच जेवते, मग बाकीचे."

आई नसलेली पोर म्हणून जीव लावते बिचारी. सख्खी मुलं असून हिच्या नावाची भांडी केली. वत्सला असती तर तिला बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, "नाताळच्या सुट्टीत मी पेणला येऊ?"

"इथं कोण आहे तुझ्याशी बोलायला?"

"तुम्ही आहात ना."

मी हसलो. मुलीला माझा विरंगुळा करायचा आहे. तिकडे तिचं चांगलं चाललंय, सवय मोडायला नको.

फोन ठेवताना तिनं विचारलं, वस्तीवर तुम्ही काय वाचता, मला पण वाचून दाखवाल का. म्हटलं, ते तुझ्या कामाचं नाही.

भात आजही उरला. एकट्याच्या भाताचा अंदाज मला येत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज मॅडमनी लस कशी करतात ते चित्र काढून सांगितलं. विषाणूच्या वरच्या कवचातला एकच घटक घ्यायचा, तो प्रयोगशाळेत वाढवायचा. त्याचे कण आपोआप एकमेकांना जुळतात आणि तसंच गोल कवच तयार होतं. आतून रिकामं. रोग करायला आत काही नसतंच. पण शरीर त्याला खरा समजतं, त्याचा चेहरा लक्षात ठेवतं, आणि पुढं कधी खरा आला तर दारातच ओळखतं.

येताना एसटीत तेच डोक्यात. आमच्या पेणच्या कारखान्यांत साच्यातून निघालेल्या मूर्ती फळ्यांवर वाळत असतात, त्या आतून पोकळ. रूप पूर्ण, प्राण अजून यायचे. देवाची आणि रोगाची बरोबरी करू नये. पण मला ते समजलं असंच.

घरी येऊन फारुखला फोन केला. धाटावला आम्ही एकाच शिफ्टला होतो आणि मॅडम त्याची भाची. हे काम त्यानंच लावून दिलं. 'घरात भिंतींना स्तोत्रं ऐकवतोस, त्यापेक्षा माणसांना काहीतरी वाचून दाखव' म्हणाला होता. मूर्तीचं उदाहरण सांगितलं तर म्हणाला, "छान आहे. फक्त आमच्या मोहल्ल्यात देऊ नकोस." दोघंही हसलो. मग त्याच्या घरात कोणीतरी त्याला जेवायला हाक मारली.

एक राहिलं. मॅडमनी विचारलं, "काका, तुमची मुलगी चौदाची ना? तिला बाजारात आहे ती लस दिलीत का?" मी म्हटलं, तिच्या मावशीला विचारून सांगतो. "मावशीला का?" म्हणाल्या. काय सांगणार? मावशीनं सगळ्या नातेवाइकांत 'पोटात गाठ होती' एवढंच सांगितलंय, मुलीच्या लग्नाच्या वेळी कोणी बोलायला नको म्हणून. तनयालाही तेवढंच माहीत आहे. या लशीचं नाव काढलं की गाठ कुठली होती ते निघणार.

१९ डिसेंबर, गुरुवार

काही विशेष नाही. आरती एकट्यानं केली. घंटा आणि टाळ दोन्ही एकदम वाजवता येत नाहीत.

२७ डिसेंबर, शुक्रवार

काल मॅडमच्या गाडीतून वस्तीवर गेलो. लस द्यायला नव्या वर्षात सुरुवात व्हायची आहे, त्याआधी घरोघरी भेटी चालू आहेत. शेवटचा गुरुवार, उद्यापन. धोंडुबाईच्या अंगणात बायका जमल्या होत्या, हळदीकुंकू चाललं होतं, प्रत्येकीच्या ओटीत केळं आणि सीताफळ. समाजमंदिराच्या पायरीवर शांती एकटीच बसली होती. तीस-बत्तीसची बाई. तिला हाच कर्करोग आहे हे वस्तीला पावसाळ्यापासून माहीत आहे, मुंबईला तिचे उपचार चालू आहेत. मी पाणी प्यायला तिच्याजवळ टेकलो.

"लांब बसा दादा," ती म्हणाली, "मी करोना हाय."

मला वाटलं थट्टा करते. म्हटलं, "तिकडे गेली नाहीस हळदीकुंकवाला?"

"बोलावलं तर जाईन ना."

मी उठून धोंडुबाईकडे गेलो. ती हात पुसत बाहेर आली. "अरं तूच नाय का बोललास, विषाणू हाय म्हणून? तिचं वाईट चिंतत नाय कोणी. आमीच तिला डबा देतो. पर पोरंटोरं हाईत घरात. तिचं ताट-पेला येगला केलाय, हंडा येगला केलाय. नवरा मिठागरावर झोपतो."

"कधीपासून?"

"तू वाचून गेलास तवापासून. आदी कोणाला ठाव होतं असं लागतंय म्हणून? बरं झालं तू सांगितलंस."

मागून कोणीतरी म्हणालं, "तिच्या पोरीचंपन ताट येगलं केलंय, आईच्या ताटात जेवलेली हाय ती."

परतताना वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली होती. मॅडम पुढं फोनवर बोलत होत्या. मी मागच्या सीटवर बसून ते शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होतो आणि मला कळत नव्हतं की हे मी आधी कुठं ऐकलंय. पेणला उतरल्यावर, रामवाडीच्या वळणावर, पायच थांबले.

२८ डिसेंबर, शनिवार

तनयाला फोन केला. विचारलं, "तुझं ताट कोण घासतं?"

"मीच. माझी घासणी वेगळी आहे."

मग तीच म्हणाली, "बाबा, मावशी वाईट नाही हं."

"आणि अंथरूण?"

"माजघरात होतं. आता बाहेरच्या खोलीत. तिथं गार असतं, बरं वाटतं."

डिसेंबरात बरं वाटतं म्हणाली.

३० डिसेंबर, सोमवार. रोहा

मॅडमना सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसायची छाती झाली नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पूर्ण परिच्छेद?"

"पूर्ण."

"त्यात पुढं काय होतं, वाचलं होतंत का तुम्ही? स्वतःसाठी तरी?"

खरं म्हणजे पहिल्या ओळीच्या पुढे मी कधी नजर टाकलेलीच नव्हती, घरीसुद्धा.

त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. मी वाचला. हा विषाणू शारीरिक संबंधांतून पसरतो, ही पहिली ओळ. पुढं असं, की लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातो. काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ असलेल्यांनाही होतो, त्यावरून कोणाच्या वागण्याचा निष्कर्ष काढू नये. एका ताटात जेवल्यानं, एकत्र उठल्या-बसल्यानं, कर्करोग झालेल्या बाईची सेवा केल्यानं तो लागत नाही.

शेवटची ओळ मी पुन्हा वाचली. हीच गाळली होती मी. लाज वाटली ती पहिल्या ओळीची, आणि तिच्याबरोबर ही गेली.

मॅडम रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाल्या, "त्या दिवशीच्या सगळ्या संमत्या रद्द. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावं लागेल. सगळ्या आयांना पुन्हा पहिल्यापासून माहिती द्यायची, मग त्यांनी ठरवायचं. आणि साक्षीदार आता दुसरं कोणी असेल, काका. तुम्हाला ठेवता येणार नाही."

"बरोबर आहे."

"पण वस्तीवर तुम्ही याल. जे वाचलं नाही ते तुम्हीच सांगायचं. दुसऱ्या कोणी सांगितलं तर त्यांना वाटेल, पोथीवाले दादा खरं बोलले आणि आता हे दवाखान्यातले सारवासारव करतायत."

मी विचारलं, "पण पहिली ओळ ऐकून शांतीला नावं ठेवली तर?"

"ठेवतील कदाचित," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पुढच्या ओळी आहेत."

बाहेर आलो. मावशीचं घर इथून चालत जाण्यासारखं आहे. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आधी वस्ती, मग तिकडे, असं मनाला समजावलं. खरं तर भ्यालो.

२ जानेवारी, गुरुवार

सगळ्या आल्या होत्या. शांती दाराबाहेर पायरीवर. दवाखान्यातल्या एका नर्सनं पहिल्यापासून सगळं वाचायला घेतलं, मॅडम शेजारी. त्या परिच्छेदाशी आल्यावर नर्स थांबली आणि मी उभा राहिलो. मनात नामस्मरण केलं आणि म्हटलं, "मागच्या वेळी मी तुम्हाला एक गोष्ट वाचून दाखवली नाही. मला लाज वाटली." आणि पहिली ओळ वाचली.

मग धोंडुबाई म्हणाली, "येवढंच?"

"येवढंच."

"येवढं सांगायला लाजलास व्हय रं? मला सहा पोरं झाली ती काय देवळात बसून झाली?"

अख्खं समाजमंदिर हसलं. मॅडमसुद्धा खाली बघून हसल्या. माझे कान तापले. इतके दिवस मी ज्यांची अब्रू राखत होतो त्यांना राखून घ्यायची नव्हतीच.

मी पुढच्या ओळी वाचल्या. हसू हळूहळू ओसरलं. ताटाची ओळ आली तेव्हा काहीजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. पण खिडकीपाशी बसलेली एक म्हणाली, "म्हंजे शांतीच्या नवऱ्यानंच कुटनं तरी आणला म्हना की."

"नायतर हिनंच," दुसरी हळूच म्हणाली, पण ऐकू येईल इतपत.

शांतीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. कागदावरचं माझं वाचून झालं होतं. त्यात याला उत्तर होतं, पण ते आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं आणि तरी हे बोलल्या होत्या. म्हणून मी कागद खाली ठेवला.

म्हटलं, "माझी बायको याच आजारानं गेली. वत्सला तिचं नाव."

हे मी कोणासमोर प्रथमच बोललो.

"आमचं लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिला नाव ठेवायला जागा नव्हती. तुम्ही मला ओळखता, माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटून घ्या. पण ह्या रोगावरून माणूस ओळखता येत नाही, हे मी पाहिलेलं आहे."

मग पायरीवरून शांतीनं विचारलं, "दादा, तुमी त्यांचं ताट येगलं केलं होतं कं?"

"नाही. शेवटी तिला पेजेशिवाय काही जात नव्हतं. अर्धी ती प्यायची, उरलेली त्याच वाटीनं मी. मला काही झालं नाही."

धोंडुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. दाराशी गेली. "ये गो आत. पायरी काय उबवून राहिलीस?" शांती हलली नाही. धोंडुबाई म्हणाली, "आता काय पाया पडू तुज्या? चुकलं आमचं. ह्या पोथीवाल्याचंपन चुकलं. त्याला मी बघते, तू आत ये."

शांती आत आली, पण शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसली. तिच्या मुलीला कोणी जवळ घेतलं नाही. लांबही केलं नाही. ती आपणच सरकत धोंडुबाईच्या नातीशेजारी जाऊन बसली. सगळं एका दिवसात व्हायचं नाही. त्या खिडकीजवळच्या बाईनं तर मुलीचं नाव मागेच घेतलं. मॅडम म्हणाल्या, तो तिचा हक्क आहे.

५ जानेवारी, रविवार

आज मावशीच्या घरी गेलो. तिनं चहा ठेवला. मी म्हटलं, "ताई, चहा नंतर. आधी बसा." आणि वत्सलाचा आजार कुठला होता, कसा होतो, कसा होत नाही, सगळं सांगितलं. तनयाला आतून बोलावून तिच्यासमोर सांगितलं.

ताईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. म्हणाल्या, "मी पोरीला उपाशी ठेवलं नाही, भाऊजी. माझ्या घरात रांगतं नातवंड आहे, मला भीती वाटली. दवाखान्यात तुम्ही होतात, डॉक्टरांशी तुम्ही बोलायचात. मला कोणी काही सांगितलं का कधी?"

म्हटलं, "नाही सांगितलं. ते माझं काम होतं."

त्या आत गेल्या. रडल्या असाव्यात. बाहेर आल्या तेव्हा हातात तनयाची बॅग होती, कपड्यांवर मेथीच्या लाडवांचा डबा. तनयाला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. शाळेचं वर्ष संपेपर्यंत रोज पेणहून ये-जा करावी लागेल. तनया म्हणाली, चालेल. मंगळवारी मॅडमकडे तिला लस द्यायची आहे, चाचणीतली नव्हे, आधीची. तीही चालेल म्हणाली. सगळ्यालाच चालेल म्हणत होती.

रोहा स्टँडवर पेणची गाडी लागायची होती. बाकावर बसलो. मुलीशी इतक्या जवळ कधी बसलो होतो आठवेना. शेजारी धाटावची दुसरी शिफ्ट गाठायला निघालेले कामगार उभे होते, तंबाखू मळत.

ती हळू म्हणाली, "मला वाटायचं, मलाही तेच होणार म्हणून तुम्ही मला इकडे ठेवलंत."

मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, "नाही ग. माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"लाज वाटली."

ती विचार करत राहिली. चौदा वर्षांची आहे, सगळं ऐकलं होतं तिनं. मला माहीत होतं पुढचा प्रश्न काय येणार. गेल्या सोमवारी तो कागद पूर्ण वाचल्यापासून तोच प्रश्न माझ्या पोटात आहे, आणि या वहीतही मी त्याला फिरकू दिलेलं नाही.

"म्हणजे आईला तो कोणाकडून आला?"

कामगारांची गाडी सुटली. धूर आमच्या अंगावर आला. मी थांबून राहिलो, तो विरेपर्यंत.

"माझ्याकडून आला असेल," मी म्हटलं. "कसा, ते मला माहीत नाही, आणि आता कोणाला सांगताही येणार नाही. पण तिच्या आयुष्यात मीच होतो. म्हणजे माझ्याकडूनच."

बुटानं खालचा खडा पुढं-मागं करत राहिली. मग गाडी लागली. तनयानं बॅगेचा एक बंद धरला, दुसरा माझ्याकडे दिला, आणि आम्ही चढलो.

तिनं खिडकीची जागा घेतली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

"पेण," मी म्हटलं, "दोघं."